बेलोरा ते शिवणी, अर्धा तास

अमरावतीहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की बेलोऱ्याच्या शिवारात विमानतळाचं कुंपण लागतं. त्या कुंपणाला पाठ लावून वामनराव गणोरकरांचा चार एकरांचा मळा आहे. वांगी, फुलकोबी, मेथी, कडेनं झेंडू आणि मोटारीच्या पाण्यालगतच्या ओलसर वाफ्यांत सांबार. सांबार म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर. पण पुण्यामुंबईच्या कोथिंबिरीला बेलोऱ्याच्या सांबाराचा वास नाही, हे वामनराव कुणी न विचारताच सांगत.

सोळाव्या वर्षापासून या माणसानं एकच काम केलं, मळ्यातला माल बाजारात नेला. आधी सायकलवर, मग लुनावर, मग छोट्या टेम्पोत. जिल्ह्यातला एक आठवडी बाजार सोडला नाही. आणि या फिरण्यातून त्यांना एक विद्या येऊन बसली. कुठून कुठं जायला किती वेळ लागेल, हे ते मिनिटांवर सांगत. त्यांचं मापही त्यांचंच होतं. ओल्या पोत्याखाली झाकलेल्या सांबारावर वाटेत पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर पोचेपर्यंत त्याची मान पडते. तर बडनेरा हे एका शिंपणाचं गाव, चांदूर बाजार तीन शिंपणांचं, उन्हाळ्यात चार. लोकांना ते हिशेब करून तासांत सांगत.

"वामनराव, रिद्धपूरले किती येळ लागीन?" शेजारचा यात्रेला निघालेला माणूस विचारी.

"कवा निघून राहिला?"

"सातले."

"मंग दीड तास धर. पण आज मधात बाजार आहे, वीस मिनटं वरून ठेव."

आणि तो माणूस एक तास पन्नास मिनिटांनी रिद्धपूरला उतरे. वराती त्यांना विचारून निघत. परीक्षेला जाणारी पोरं आदल्या दिवशी मळ्यावर येऊन विचारून जात. घड्याळ चुकेल, वामनराव चुकणार नाही, असं लोक म्हणत. माणसाला एकच गुण असला की तो डोक्यावर बसतो. वामनरावांच्या डोक्यावर तो टोपीसारखा बसला होता, झोपतानाही उतरत नव्हता.

त्यांना एक धाकटी बहीण, माणिक. दहा वर्षांनी लहान, म्हणून बहीण कमी आणि लेक जास्त. ती दिली अकोल्याच्या अलीकडे शिवणीला. तिच्या सासरच्या घरामागेही विमानतळाचंच कुंपण, आणि ते तर इंग्रजांच्या काळचं. लग्न ठरलं तेव्हा म्हातारा बाप हसून म्हणाला होता, पोट्टी एका कुंपणातून काढली अन् दुसऱ्या कुंपणात टाकली. त्या काळी दोन्ही कुंपणांच्या आत विमान नव्हतं. इकडे शेळ्या चरत, तिकडे कधीमधी एखाद्या साहेबाचं छोटं विमान उतरे आणि गाव पाहायला धावे.

आता खरं ते सांगायचं, तर वामनराव सहा वर्षांत माणिककडे गेले नव्हते. पहिल्या दोन वर्षांना लॉकडाऊनचं कारण होतं. तिसऱ्या वर्षी फुलकोबी चांगली आली होती. चौथ्या वर्षापासून कारणच लागलं नाही. रोज बाजार करणाऱ्या माणसाला एक दिवस मोडणं जिवावर येतं, आणि बहीण काही कुठं पळून जात नाही, असं प्रत्येक भावाला वाटत असतं. तीन वर्षांपूर्वी माणिकचं पिशवीचं ऑपरेशन झालं, अकोल्याला. फोनवर वामनराव म्हणाले, "येतोच." मग म्हणाले, "रविवारी येतो." तो रविवार गेला, त्याच्या मागचे दोन गेले, आणि माणिक घरी येऊन भाकरी थापायला लागली.

त्या वेळी बेलोऱ्याची धावपट्टी लांब करायचं काम जोरात चाललं होतं. वामनरावांना फोन ठेवायला एक चांगलं वाक्य सापडलं. "आता इकडं विमान सुरू होऊन राहिलं, माणके. मंग काय? महिन्यातून एक चक्कर तुह्याकडं."

माणिक म्हणायची, "खरंच काय दादा?"

"वामन गणोरकर खोटं सांगीन काय?"

तीन वर्षं हे वाक्य पुरलं. नंतर खरोखरच विमान सुरू झालं. पहिल्या दिवशी अख्खं शिवार कुंपणापाशी. मोठा घरघराट करत ते मळ्यावरून गेलं आणि झेंडूचा वाफा हलला, तेव्हा वामनरावांची छाती अशी फुगली की जणू ते त्यांच्याच मोटारीच्या पाण्यावर वाढलं होतं. संध्याकाळी त्यांनी नातीला, खुशीला, हाक मारली. ती दहावीत, मोबाईल हातातून न सुटणारी.

"पाय बरं, अठून अकोल्याले विमानानं किती येळ लागते?"

खुशीनं बोटं फिरवली. "आबाजी, अमरावती विमानतळ ते अकोला विमानतळ, अंतर ऐंशी किलोमीटरच्या आत. वेळ तीस मिनिटं."

"लिहिलं आहे तसं?"

"हो, हे पहा न."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. लिहिलेलंच होतं. दोन गोल ठिपके आणि मधे एक वाकडी रेघ. आता तुम्हीआम्ही म्हणू, मोबाईल काय, दोन कुठलीही गावं सांगा, मधलं अंतर आणि वेळ काढून देतो. त्याला विमान लागत नाही. पण वामनरावांचा जन्म एसटी स्टँडच्या पाटीखाली गेला होता. पाटीवर जिथं वेळ लिहिली असते तिथं गाडी असते. उशिरा येईल, भरून येईल, पण असते. नसलेल्या गाडीची वेळ कुणी कशाला लिहील? त्यांनी तसाच माणिकला फोन लावला. तिच्या घरी चहाला सगळे बसले होते आणि तिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"माणके, अर्धा तास! माह्या विमानतळापासून तुह्या विमानतळापर्यंत अर्धा तास! तुह्या आचलच्या लग्नाले मी विमानानंच येतो. लिहून ठेव."

उचलली जीभ लावली टाळ्याला. तिकडून टाळ्या वाजल्या. मग एक खणखणीत बाईचा आवाज आला. ती माणिकची थोरली नणंद, सुंदराबाई. विधवा होऊन माहेरी राहिलेली आणि घराच्या दोऱ्या हातात धरून बसलेली. "वामनभाऊ, आमच्या इथं तं गवत वाढलं कंबरेइतकं. विमान काय गवत खाले येते?"

माणिकचा आवाज त्यावर चढला. "माह्या दादाची येळ कवाच चुकत नाई, अक्का. त्यानं अर्धा तास सांगतला म्हंजे अर्धा तास."

दुसऱ्या दिवशी वामनराव धुतलेले कपडे घालून विमानतळाच्या फाटकाशी गेले आणि तिथल्या पहारेकऱ्याला म्हणाले की अकोल्याचं तिकीट कुठं मिळतं. पहारेकरी चांगला माणूस होता, हसला नाही. म्हणाला, "काका, इथून मुंबईचंच आहे. अकोल्याले कोन विमानानं जाते? बडनेऱ्यावरून बस पकडा."

वामनराव घरी आले ते मळ्याच्या मागच्या बाजूनं. पत्नी रुख्मिणीबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, माणिकला सांगून टाकतो आज. दोन दिवसांनी रुख्मिणीबाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, सांगून टाकलं. तेही खोटंच. रोज संध्याकाळी फोन हातात घ्यायचे आणि मनात वाक्य जुळवायचे; पण वाक्याच्या शेवटी सुंदराबाई हसताना दिसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ज्याची मूठ झाकलेली असते त्यालाच माहीत असतं की हाताला किती घाम आलाय. माणिकचा फोन मात्र येतच राहिला. "दादा, व्याह्याले बी सांगतलं मी, माहा भाऊ विमानानं येते म्हणून. दादा, अक्का लय चिडवून राहिल्या मले, पण मी म्हणलं, पायजा त्या दिवशी." त्यांनी प्रत्येक वेळी "हो हो" म्हटलं.

लग्नाचा दिवस उजाडला. थंडीचे दिवस, मुहूर्त अकरा बावन्नचा. वामनराव एकटेच निघाले. रुख्मिणीबाईंचा पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि मुलगा-सून तिच्यापाशी थांबणार होते. रुख्मिणीबाईंनी खाटेवर बसल्या बसल्या पोतं भरवून घेतलं होतं. कवळी वांगी, मेथीच्या जुड्या, आणि वर ओल्या फडक्यात गुंडाळलेला सांबार. "बाईले आपल्या मळ्यातलं खाऊन सहा वर्सं झाले," त्या म्हणाल्या. "अन् गेल्याबरोबर तिले कवटाळजा. ऑपरेशनले बी गेले नाई तुमी."

ते ऐकून वामनरावांनी वाटेत ठरवलंच. आज सगळं सांगायचं. उतरल्या उतरल्या माणिकला बाजूला घ्यायचं आणि म्हणायचं, बाई, माझी चूक झाली, विमान नाही, मी एसटीनं आलो. काय होईल? चार लोक हसतील. हसू देत. साडेसहाला घर सोडलं, शेजाऱ्याच्या गाडीवर बडनेरा, सातच्या सुमाराला बस. खिडकीपाशी जागा मिळाली. पोतं पायांमधे धरून ते वाक्य घोळवत बसले. वाक्य चांगलं जुळत होतं.

मूर्तिजापूर सोडलं आणि फोन वाजला. माणिकचा मुलगा, अमोल.

"मामाजी, निघाले काय? आई विचारून राहिली, विमान कितीले उतरते?"

बसमध्ये खडखडाट होता. वामनरावांनी तोंडाशी हात धरला. "अमोल, आईले फोन दे." पण फोन आधीच मोठ्या आवाजावर होता, कारण मागून सुंदराबाई बोलल्या ते स्वच्छ ऐकू आलं. "देऊ नको तिले. इचार आधी, विमानात आहे का एसटीत! बसचा आवाज येऊन राहिला मले." आणि चार-सहा बाया हसल्या. त्या हसण्यात माणिक म्हणाली, "दादा, सांग न रे या सगळ्याईले."

विनवल्यासारखा आवाज होता. वामनरावांचं जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं.

"साडेआठले उतरतो," ते म्हणाले, आणि फोन बंद केला.

पुढचा रस्ता त्यांना दिसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुद्दाम खोटी वेळ सांगितली होती. शेजारचा माणूस विचारत होता की बोरगाव मंजू किती वेळात येईल, आणि वामनराव म्हणाले, मले नाई मालूम.

आठ चाळीसला ते शिवणीच्या फाट्यावर उतरले. बस गेली, धूळ बसली, आणि पायाशी ते पोतं उभं राहिलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की विमानातून उतरलेला माणूस वांग्यांचं पोतं खांद्यावर टाकून येत नाही. फाट्यावर एक चहाची टपरी होती. तिथल्या बाईला ते म्हणाले, "बाई, हे ठेवून घ्या."

"कवा नेता?"

"नेत नाई. तुमीच करा भाजी."

बाईनं फडकं उचलून पाहिलं. "इतका ताजा सांबार कोनी टाकून देते काय, बाप्पा?"

चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसानं सांबाराची एक काडी सुकू दिली नाही, त्यानं तिच्याकडे पाठ केली. धोतराला लागलेली माती झटकून, खांद्यावरचा दुपट्टा नीट करून तो गावाकडे चालू लागला. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

मांडवात शिरताच अमोल धावत आला, पाया पडला, आणि पोरांचा घोळका भोवती जमला. सुंदराबाई खुर्चीवरून उठल्या. अंगानं भरलेल्या, नऊवारी, हातात पानाचा डबा. त्यांनी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "या या, वामनभाऊ! आले काय विमानानं?"

इथं एक क्षण होता. वामनरावांना तो नंतर जन्मभर आठवणार होता. तोंड उघडं होतं, आणि खरं बोलायला फक्त दोन शब्द लागत होते. सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे होती. व्याही रामराव फेट्याचं टोक सावरत पुढं आले होते.

"हो," वामनराव म्हणाले.

पोरांनी ओरडा केला. सुंदराबाईंनी भुवई वर केली. "बाई बाई! पण आमाले आवाज कसा नाई आला? इतकं मोठं विमान, अन् घरामागं उतरते, अन् एका माणसाले आवाज नाई?"

वामनरावांनी दुपट्टा पुन्हा नीट केला. आणि नेमकं त्याच वेळी मांडवाच्या मागच्या कनातीतून माणिक आत आली. हातात ओवाळणीचं ताट. निरांजन विझलेलं. नवऱ्या मुलीची आई, भरजरी लुगडं नेसलेली, पण त्या लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत दवानं ओला आणि त्याला गवताची कुसळं चिकटलेली. केसांत गजरा, आणि नाकाचा शेंडा थंडीनं लाल झालेला. सहा वर्षांत ती बरीच म्हातारी झाली होती. वामनरावांना हे फोनवर कधी ऐकू आलं नव्हतं.

तिनं भावाकडे एकदा पाहिलं. मग सुंदराबाईंकडे.

"आवाज कसा येईन, अक्का?" ती म्हणाली. "सकायपासून तुमचा डीजे वाजून राहिला. मी होती न तठी, कुंपणापाशी. छोटंसं विमान होतं. माह्या डोयानं पायलं उतरताना. तठीच ओवाळलं मी दादाले." आणि ताट अमोलच्या हातात देत म्हणाली, "चाल दादा, पाय धू."

सुंदराबाईंनी पान तोंडात टाकलं. हरल्या होत्या, पण सहजासहजी नाही. "तुमी नेहमीच असेच, वामनभाऊ," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात बी आले अन् गेले, कोनाले पता नाई. आता बी तसेच." वामनरावांना वाटलं, ऑपरेशनला आलो नाही म्हणून टोमणा मारतेय. त्यांनी मान खाली घातली. टोमणा रास्तच होता.

पण तो टोमणा त्यांना लागला नाही, कारण त्याहून मोठं काहीतरी आत उतरलं होतं. माणिक कुंपणापाशी उभी होती. त्यांनी साडेआठ सांगितले म्हणून, स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या सकाळी, ताट घेऊन, गवतात. आभाळाकडे पाहत. तिथं काही उतरलं नाही, हे या मांडवात एकट्या तिलाच माहीत होतं. तिनं पाणी आणून दिलं, त्यांनी पाय धुतले, आणि तिनं टॉवेल दिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणतात, ते हेच असावं. मेलेल्या माणसाला निदान कुणी टॉवेल देत नाही.

मग सुरू झाली शिक्षा. ती कुणी दिली नव्हती, सगळे मायेनंच विचारत होते.

"मामाजी, वरून आमचं घर दिसलं काय?" एका पोराचा प्रश्न.

"दिसलं."

"कसं दिसते?"

"लहान."

"अन् आमची म्हैस?"

"ते बी."

पोरगा म्हशीला सांगायला पळाला. रामराव व्याह्यांनी खुर्ची जवळ ओढली. त्यांनाही वेळेची माहिती हवी होती, पुढं कधी कामाला येईल म्हणून. "तरी किती वेळ लागला म्हणता, वामनराव?"

"अर्धा तास."

"वा! म्हणजे आमची सून माहेरापेक्षा मामाकडे लवकर पोचणार." सगळे हसले. रामरावांनी ते शेजारच्याला सांगितलं, त्यानं पुढच्याला. वामनरावांच्या तोंडून निघालेली वेळ अशीच गावोगाव जात असे, आणि लोक तिच्यावर विसंबून घराबाहेर पडत असत. स्वयंपाकाच्या बाजूनं आचारी ओरडला की सांबार कमी पडला, कुणीतरी फाट्यापर्यंत पळा. अमोल मोटारसायकल काढू लागला. वामनराव खुर्चीत दगडासारखे बसून राहिले. पोरगा टपरीवर जाणार, तिथं त्यांचाच सांबार विकत घेणार, की बाई त्याला सांगणार, एक म्हातारा देऊन गेला? थोड्या वेळानं अमोल परत आला, हातात त्यांच्याच घरचं ओलं फडकं. "फुकट देल्ला बाईनं," तो आचाऱ्याला म्हणाला. "कोनीतरी बसमधून उतरला अन् टाकून गेला म्हणे." आणि तो हसत पुढं गेला. त्याला काही कळलं नाही. पण तिकडं, ओसरीच्या खांबाशी, माणिकनं ते फडकं उचललं. निळ्या काठाचं, रुख्मिणीबाईंच्या जुन्या लुगड्याचं. तिनं ते घडी करून कमरेला खोचलं.

अकरा चाळीसला माईकवरून पुकारा झाला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. वामनराव आत गेले. आचल हिरव्या शालूत बसली होती. ती दहावीत असताना मळ्यावर येऊन कच्चे वाटाणे खायची, तेवढीच त्यांच्या डोळ्यांपुढं राहिली होती. मधली मुलगी त्यांनी पाहिलीच नव्हती. तिनं हात पुढं केला. "मामाजी, आई म्हणत होती, तुमी नक्की येता. मी म्हणलं होतं, नाई येत." ती हसून म्हणाली, भांडण नव्हतं त्यात.

तिला बोहल्यावर उभी करून ते तिच्यामागे उभे राहिले. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडू लागल्या, आणि वामनरावांच्या डोळ्यांतून धार लागली. मामाला गहिवरून आलं, बायका आपसांत म्हणाल्या. कुणीतरी फोटो काढला. एवढा खोटा फोटो आपला कुणी काढला नसेल, असं त्यांना वाटलं.

पंगती उठत होत्या. वामनराव जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले, आणि घरामागच्या अंगणात जाऊन दगडावर बसले. समोर कुंपण होतं. तारेपलीकडे कंबरेइतकं पिवळं गवत, आणि त्यात एक वाट पडलेली, कुणीतरी सकाळी चालत गेल्याची. माणिक एका ताटलीत दोन पुऱ्या आणि वांग्याची भाजी घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"खाय."

"माणके," ते म्हणाले, "मी एसटीनं आलो."

"मालूम आहे मले."

"मोबाईलवर लिहिलं होतं. मले वाटलं, लिहिलं आहे म्हंजे असीनच. अन् मंग सांगाची हिंमत नाई झाली. तुह्या सासरच्याईत तुही मान..." मान कुणाची, हे त्यांना आता चांगलं कळत होतं.

माणिक कुसळं काढत होती, लुगड्याच्या काठातून एकेक. "किती येळ लागला खरा?"

"दोन तास दहा मिनटं," वामनराव म्हणाले. दिवसभरात एवढीच वेळ त्यांनी खरी सांगितली होती, आणि तीच सांगताना त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला परत मळ्यावर जाऊ शकतो. सहा वर्षांत असे दोन हजारांवर दिवस आले होते.

"हं," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. "आजचं सोप्पं होतं, दादा. आज तू आला तरी होता. फक्त विमान सांगा लागलं."

त्यांनी वर पाहिलं.

"ऑपरेशनच्या टायमाले अक्का रोज फोनवर इचारत, भाऊ नाई आला काय? एक डाव दवाखान्यात आल्या, अन् तेच इचारलं. माह्या तोंडातून निंगून गेलं, काल रातच्याले आला होता म्हणून. संत्री घेऊन आला, रातभर बसला, अन् सकायच्या गाडीनं गेला, मळा टाकून आला होता न. संत्री मीच आणाले लावले होते वार्डातल्या बाईले." तिनं पुरीचा तुकडा मोडून ताटलीत त्यांच्या पुढं सरकवला. "म्हणून सांगून ठेवतो तुले. अक्काले इसर नाई पडत. आता वाढता वाढता कोनत्याबी टायमाले तो विषय काढतीन. इचारलं तं तिसरा माळा सांगजो. खिडकीजवळचा पलंग."

आतून तिला कुणीतरी हाक मारली, विहिणींची पंगत बसली होती. गुडघ्यावर हात ठेवून ती उठली.

"अन् दवाखान्याचं नाव?" वामनरावांनी विचारलं.

तिनं ते सांगितलं, आणि त्यांनी लक्षात राहावं म्हणून दोनदा म्हणून पाहिलं.